पत्र्याची खोली राहण्याजोगी करताना: प्रकल्प नोंदी

२ मार्च. पाहणी

खोली ३ बाय ४ मीटर. लोखंडी पाइपांचा सांगाडा, भिंती आणि छप्पर नालीदार पत्र्याचं, खाली चोपलेली माती. दार एक, खिडकी एक, दोन्ही एकाच भिंतीत. वारा आत येतो, पण जायला वाट नाही. राहणार तिघं: आजी, सून आणि शाळेत जाणारा नातू. आजवरचा मुक्काम ताडपत्रीखाली.

आपत्तीनंतरच्या निवाऱ्यांसाठी वापरले जाणारे 'स्फिअर' निकष माणशी किमान ३.५ चौरस मीटर छपराखालची जागा सांगतात. तिघांचे झाले १०.५, इथे १२ आहेत. कागदावर खोली पास. प्रत्यक्षात मात्र दुपारी आत बसवत नाही आणि पाऊस आला की झोपता येणार नाही. आमचं काम या दोहोंमधल्या फरकाचं.

राहणाऱ्यांना "काय हवं?" असं विचारायचं नाही, हे अशा कामात पक्कं ठरलेलं असावं. हाल सोसून आलेली माणसं "चालेल, एवढं पुष्कळ झालं" म्हणून मोकळी होतात आणि ठेकेदाराला तेच हवं असतं. विचारायचं ते असं: रात्री जाग कशाने येते? कोणती वस्तू नेहमी भिजते? काय करायचं टाळता? उत्तरं लगेच मिळाली. पावसात पाय भिजतात म्हणून जाग. ताडपत्रीला आतून बंद करायची सोय नाही म्हणून जाग. आजींना जमिनीवरून उठायला जड जातं, म्हणून त्या रात्री पाणीच पीत नाहीत. नातू ताडपत्रीच्या तोंडाशी बसून अभ्यास करतो, कारण उजेड तिथेच आहे.

यावरून क्रम लागला: आधी कोरडं, मग गार, मग झोप, मग उजेड, कडी आणि खुंट्या. रंगरंगोटी सगळ्यात शेवटी. रंगापासून सुरुवात करणाऱ्याला दोनदा रंगवावं लागतं.

५ मार्च. गळती शोधणे

पाऊस नाही, त्यामुळे नळीने पाणी सोडून चाचणी. एक जण वर, एक जण आत खडू घेऊन. पाणी खालच्या कडेपासून सुरू करायचं आणि हळूहळू वर जायचं; प्रत्येक पट्ट्यावर निदान ५ मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कोणतं भोक दोषी ते कळत नाही. आत थेंब पडतो त्याच्या डोक्यावरच भोक असेल असंही नाही. पाणी आडव्या पाइपाला धरून हातभर सरकतं आणि मग सुटतं. म्हणून खडूची खूण थेंबापाशी नाही, पाइपावर पाणी पहिल्यांदा दिसतं तिथे.

सापडलं ते असं: निम्म्याहून जास्त जे-हुक (पत्रा पाइपाला धरून ठेवणारे वाकडे हुक) नालीच्या खोलगट भागात बसवलेले. पाणी वाहतं ते नेमकं तिथूनच, त्यामुळे वायसर कितीही चांगला असला तरी आज ना उद्या गळणारच. भोक नेहमी उंचवट्यावर पाडायचं. उरलेल्या ठिकाणी डांबरी वायसर उन्हाने तडकलेले आणि हुक इतके आवळलेले की वायसरभोवती पत्र्याला खड्डा पडलाय. त्या खड्ड्यात पाणी साचतं.

भोकं मोठी होण्याचं कारण ऊन. पोलाद दर अंशाला मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर वाढतं. ३ मीटरचा पत्रा पहाटे २० अंशांवर असतो, दुपारी ६५ वर जातो. म्हणजे रोज दीडएक मिलिमीटर ताणायचा आणि आवळायचा. हुक घट्ट, पत्रा हलता. भोक लांबुळकं होणारच.

७ मार्च. गळती बंद

खोलगट भागातली भोकं: भोवतीचा गंज तारेच्या ब्रशने काढला, स्पिरिटने पुसलं, ५० मिमी रुंद ब्यूटाइल (चिकट रबरी) पट्टी, वर पत्र्याचा चौकोनी तुकडा, चार बाजूंनी रिव्हेट. नवी पकड उंचवट्यावर, रबरी वायसरच्या सेल्फ ड्रिलिंग स्क्रूने. स्क्रू किती आवळायचा याची खूण डोळ्याला दिसते: रबर वायसरच्या कडेबाहेर जेमतेम डोकावलं की थांबायचं. फुगून बाहेर आलं तर जास्त झालं.

सिलिकॉन घेताना नळी उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते जस्ताच्या थराला खातं. वर्षभरात पट्टीखालून गंज फुलतो आणि पट्टी सुटते. 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलं घ्यायचं.

पत्र्यावर पत्रा चढतो तिथे आडव्या बाजूला दीड ते दोन नाल्या, उताराच्या बाजूला १५० मिमी. इथे एका जागी उताराची चढण ८० मिमीच होती. पत्रा खाली ओढून घेतला, वर ठिगळ नाही लावलं.

९ मार्च. छपरावर पांढरा थर

वळचणीसकट छप्पर ३.६ बाय ४.८, म्हणजे १७ चौरस मीटरच्या वर. नाल्यांमुळे प्रत्यक्ष पृष्ठभाग सुमारे १९. दोन हातांना मिळून चौरस मीटरला साधारण १ लिटर, म्हणून २० लिटरची बादली. धुणं, गंज काढणं, जस्ती पत्र्यासाठीचा प्रायमर, मग पांढऱ्या लवचीक रंगाचे दोन हात. दुसरा हात पहिल्याला आडवा. सकाळी लावायचा. दुपारी तापलेल्या पत्र्यावर रंग चिकटण्याआधीच वाळतो आणि पुढे पोपडे सुटतात.

चुना स्वस्त पडतो म्हणून कोणी ना कोणी सुचवतंच. चुना पत्र्याला धरत नाही, पहिल्या सरीला पागोळ्यांबरोबर खाली येतो. सिमेंटच्या गच्चीवर ठीक, इथे नाही.

१४ मार्च. आधी बाहेरचा ढाळ, मग आतली जमीन

संध्याकाळी मातीवर १ बाय १ मीटर प्लास्टिक पसरून चारी कडा चिकटपट्टीने बंद केल्या. सकाळी थेंब प्लास्टिकच्या खालच्या अंगाला, म्हणजे ओल जमिनीतून वर येतेय. वरच्या अंगाला असते तर हवेतली ओल थंड जमिनीवर बसते असं समजायचं. तिचा इलाज वेगळा.

बाहेरची जमीन आतल्यापेक्षा दोन बोटं उंच निघाली. हे असताना आत काहीही केलं तरी वाया. भिंतीलगत ६०० मिमी रुंद पट्टा खणून मुरूम चोपला, बाहेरच्या बाजूला ४० ला १ असा ढाळ दिला आणि पागोळ्या पडतात त्या रेषेवर उथळ चर काढून पुढे नेला. आतली पातळी खडी, वाळू आणि कोबा मिळून १७५ मिमी वर आली.

आतले थर खालून वर: खडी १०० मिमी (१.२ घनमीटर), वाळू २५ मिमी (०.३ घनमीटर), १००० गेजचं म्हणजे २५० मायक्रॉनचं काळं प्लास्टिक, त्यावर ५० मिमी कोबा. वाळूचा थर प्लास्टिकसाठी असतो; तो वाचवायला गेलात तर खडीची टोकं प्लास्टिकला भोकं पाडतात आणि ओल त्या भोकांतून वर येते. प्लास्टिक एकाच तुकड्यात, ४ बाय ५ मीटर, भिंतीपाशी वर दुमडून घेतलेलं. काम करणाऱ्यांनी त्यावर अनवाणी चालावं.

कोबा १:२:४, खडी १२ मिमीच्या आतली. एकूण ०.६ घनमीटर: सिमेंट ४ गोण्या, वाळू ०.२७, खडी ०.५४ घनमीटर. मध्ये एक सांधा ठेवून ३ बाय २ चे दोन भाग; सांधा आपण ठेवला नाही तर कोबा स्वतःच तडकून हवा तिथे करून घेतो. ७ दिवस पाणी मारायचं, वर ओलं गोणपाट. घाई झालेली जमीन पुढे पायाखाली पांढरी धूळ सोडत राहते आणि अंथरूण कधी स्वच्छ राहत नाही.

२८ मार्च. वीज

पत्र्याच्या खोलीत वीज घेताना पहिला विचार दिव्याचा नको, पत्र्याच्या धारेचा हवा. तार भोकातून आत येते तिथे पत्र्याची धार वाऱ्याने हलत हलत आवरण कापते आणि अख्ख्या खोलीच्या पत्र्यात वीज उतरते. भोकात रबरी बुशिंग, आतून पीव्हीसी पाइप, पाइपाला बाहेर खालच्या बाजूला वळण, म्हणजे पाणी तारेवरून ओघळत आत येणार नाही.

सांगाडा अर्थिंगला जोडला. जोडाच्या जागी गंज आणि रंग घासून लख्ख धातू काढला, मग बोल्ट. मल्टीमीटरने एकेका पत्र्यापासून अर्थपर्यंत तपासलं. भिंतीचे दोन पत्रे सांगाड्यापासून तुटलेले निघाले, कारण स्क्रूखाली रंगाचा जाड थर. ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा) बसवला. त्यावरचं चाचणीचं 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबायचं. वीज गेली तर स्विच ठीक. दिव्यांना १.५, सॉकेटला २.५ चौरस मिमी तार.

दिवा ९ वॅटचा एलईडी, ३००० केल्विनचा पिवळसर. बटणं दोन, टू-वे, म्हणजे एकच दिवा दोन्हींकडून चालू-बंद होतो: एक दाराशी, एक आजींच्या उशाशी. आजींची मागणी एवढीच होती: "पंखा मोठा नको, बटण हाताशी द्या." तारेचे चार मीटर जास्त लागले, बाकी खर्च काही नाही. अख्ख्या यादीत इतक्या कमी सामानात इतका फरक पाडणारं दुसरं काम आम्हाला दिसत नाही. नातवाच्या अभ्यासाच्या फळीवर ५ वॅटचा वेगळा दिवा, फळीपासून ४५० मिमी वर, उजव्या हाताने लिहिणाऱ्यासाठी डावीकडून.

२ एप्रिल. राहायला आले

कोबा वाळला, छप्पर कोरडं, दिवा लागतो. एवढ्यावर राहायला येऊ दिलं. बाकीची कामं माणसं राहत असताना करायची, कारण कॉट कुठे हवी आणि झडप किती उंचीवर हवी हे रिकाम्या खोलीत ठरवलेलं हमखास चुकतं.

सामान पिशव्यांत बांधलेलं, पिशव्या दाराजवळ.

६ एप्रिल. तापमान आणि छताखालचं छत

साधा तापमापक अशा खोलीत अर्धवट माहिती देतो. हवा ३६ अंश दाखवते, पण डोक्यावरचा पत्रा भट्टीसारखा किरणं टाकत असतो. ते मोजायला ४० मिमीचा टेबल टेनिसचा चेंडू घ्या, बाहेरून काळा मॅट रंग द्या, भोक पाडून तापमापकाचं टोक मधोमध बसवा, बसल्यावर डोकं येतं त्या उंचीला टांगा. चेंडू आणि हवा यांतला फरक म्हणजे छपराचा ताप.

पांढऱ्या थराआधी पत्र्याची आतली बाजू दुपारी साठीच्या पुढे होती. आता चाळिशीत. फरक विसाचाच वाटतो, पण किरणांचा हिशेब निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताचा असतो. कातडी ३५ अंशांवर धरली तर ६० अंशांच्या पत्र्याकडून चौरस मीटरला निव्वळ सुमारे १८५ वॅट येतात, ४० अंशांच्या पत्र्याकडून ३५. पाचवा हिस्सा.

उरलेल्यासाठी चकचकीत फॉइल लावलेला बुडबुड्यांचा गादीपट, आडव्या पाइपांखाली. पत्रा आणि फॉइल यांत १०० मिमी मोकळी जागा, वळचणीकडून हवा आत आणि शिखराशी बाहेर. लोक तीन गोष्टी बिघडवतात. एक, पट पत्र्याला चिकटवतात. मग फॉइल नुसती धातूची पट्टी, उष्णता सरळ पार. दोन, चकचकीत बाजू वर करतात. तिच्यावर धूळ बसली की चमक गेली आणि गुणही गेला. खाली तोंड असलेली बाजू वर्षानुवर्षं स्वच्छ राहते. तीन, मोकळ्या जागेची तोंडं "उंदीर येतील" म्हणून बुजवतात. उंदरांसाठी जाळी लावा, हवा कोंडू नका. फॉइल विजेची वाहक आहे हेही ध्यानात ठेवा: तार तिच्यापासून लांब, स्टेपल तर नकोच.

थर्माकोल आम्ही नाकारला. स्वस्त आहे, पण उघडा असेल तर पेट घेतो आणि वितळून जळते थेंब खाली टाकतो.

पश्चिमेच्या भिंतीबाहेर १५० मिमी अंतर सोडून सावली करायची होती. जुनी ताडपत्री हाताशी होती, मापातही बसत होती. सून म्हणाली, "दादा, ती डोळ्यांपुढे नको." ताडपत्री सरपण झाकायला गेली, भिंतीला ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट लावली. अशा ठिकाणी सामानाची बचत हा निकष धरू नये.

१३ एप्रिल. झडपा

वाऱ्याच्या बाजूला खाली ६०० बाय ४०० मिमीचं भोक, समोरच्या भिंतीत छपरालगत ९०० बाय ३००. बाहेर पडण्याची वाट आत येण्याच्या वाटेपेक्षा लहान नको, एवढं पाळलं. खालचं भोक कॉटच्या पृष्ठभागापासून थोडं वर, म्हणजे वारा झोपलेल्याच्या अंगावरून जातो. छतालगत फिरणारा वारा तापमापकाला बरा, माणसाला नाही. सेकंदाला पाऊण मीटरची झुळूक अंगाला दोन-तीन अंश गार वाटते.

पत्रा कापला की धार दुमडायची, भोवती ५० बाय २५ ची लाकडी चौकट, झडपेच्या बिजागऱ्या वरच्या अंगाला आणि उघडणं बाहेर, म्हणजे पावसातही फटभर उघडी ठेवता येते. डासांची जाळी १.२ मिमी भोकांची. जाळी वारा बराच अडवते, म्हणून ती भोकाच्या मापाची न ठेवता बाहेर खोक्यासारखी काढली; क्षेत्रफळ वाढतं, वारा मिळतो.

वापर: हवा ३५ च्या वर गेली की दुपारी झडपा बंद, सूर्य कलल्यावर सताड उघड्या. दिवसभर उघड्या ठेवल्या तर बाहेरची उष्णता आत ओढली जाते आणि रात्री ती कोबा परत देत बसतो.

झडप ओढायला दोरी, दोरीला तीन गाठी, भिंतीला एक खाचेची पट्टी. तीन गाठी म्हणजे तीन उघडीपी. बसल्या जागेवरून ओढता येते.

२१ एप्रिल. झोप

आजींची कॉट १९०० बाय ९००. उंचीचं माप माणसाचं घ्यायचं: तळपायापासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत, इथे ४००. गुडघे दुखणाऱ्याला त्याहून थोडं उंच बसणं सोयीचं, म्हणून चौकट ३८० वर, वर १०० मिमी फोम. बसल्यावर दबून ४५० च्या आसपास. फोम न दाबता मोजलेली उंची फसवी असते.

फळ्या ७० बाय १८ मिमी, मध्ये ६० मिमीच्या फटी, कॉटच्या मधोमध एक लांब आडणी आणि तिला स्वतंत्र पाय. आडणी नसली तर १८ मिमीची फळी ९०० च्या अंतरात झोळ धरते आणि पाठ धरते. फटी वाऱ्यासाठी: अंगातली रात्रभरची वाफ फोममधून खाली उतरते, खाली सलग प्लायवूड असेल तर तिथेच अडकते आणि दोन-तीन महिन्यांत गादीच्या पोटाला काळी बुरशी येते.

फोमची घनता घनमीटरला ३२ किलोच्या खाली घेऊ नका, ४० मिळाली तर उत्तम. हलका फोम दुकानात जास्त मऊ लागतो, वर्षभरात कमरेपाशी खड्डा होतो. हातात उचलून पाहिलं तरी कळतं, मापाच्या मानाने जड हवा. थंडीत पांघरुणाआधी खालचा थर वाढवायचा: दाबला गेलेला फोम ऊब कमी धरतो आणि फटींतून गार हवा लागते, म्हणून गादीखाली नव्हे, गादी आणि चादर यांच्यामध्ये जाड घोंगडी.

माय-लेकाची कॉट १९०० बाय १२००, रचना तीच. दोन्ही कॉट धरून ८ चौरस मीटर जमीन मोकळी उरते.

२४ एप्रिल. कडी, खुंट्या, फळी

आतल्या कडीला स्क्रू नाही, आरपार बोल्ट. दार लाकडी, त्याच्या कडा आणि विशेषतः खालची व वरची धार तेलरंगाने बंद केल्या. पाणी लाकडात शिरतं ते तिथून, आणि दार पावसाळ्यात फुगून अडकतं. तीन बाजूंना ३ मिमी, खाली ६ मिमी फट.

खुंट्या १५०० मिमी उंचीवर, नातवासाठी दोन ११०० वर. भिंतीच्या पत्र्यावर नव्हे, सांगाड्याला पट्टी बांधून त्या पट्टीत. सामानाची फळी २०० मिमी खोल. जास्त खोल केली की मागचं सामान विसरलं जातं आणि कुबट होतं.

पिशव्या याच दिवसापासून रिकाम्या होऊ लागल्या. जमीन कोरडी झाली तेव्हा नाही, दिवा आला तेव्हा नाही, खुंट्या आल्यावर. निवाऱ्याच्या कामात कडी आणि खुंटी 'किरकोळ' सदरात टाकतात, ते सदर बदलायला हवं.

१० मे. बरं वाटणं टिकतं किती

कोरड्या जमिनीबद्दल आता कोणी बोलत नाही. तक्रार म्हणून हे लिहीत नाही, असंच व्हायला हवं. पण यातून पुढच्या कामाला एक दिशा मिळते.

मिशेल काबानाक या शरीरशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये मांडलेली गोष्ट इथे उपयोगाची. तापलेल्या शरीराच्या माणसाने थंड पाण्यात हात घातला तर सुख वाटतं. शरीर गारठलेलं असेल तर तेच पाणी नकोसं होतं. सुख पाण्यात नाही, शरीर समतोलाकडे सरकतं त्या सरकण्यात आहे. म्हणूनच चोवीस तास एकाच तापमानाला बांधलेली खोली पटकन जाणवेनाशी होते आणि उन्हातून येऊन झडप उघडण्यातली मजा रोज नवी राहते. आम्ही स्वयंचलित काही न बसवता दोरीला तीन गाठी मारल्या, त्यामागे पैशाइतकंच हेही कारण होतं.

याची दुसरी बाजू सांगितली नाही तर गैरसमज होईल. ब्रिकमन, कोट्स आणि जॅनॉफ-बुल्मन या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये लॉटरी जिंकलेल्यांची इतरांशी तुलना केली. जिंकलेल्यांना रोजच्या साध्या गोष्टींत इतरांपेक्षा कमी आनंद वाटत होता. पण त्याच अभ्यासातल्या अपघाताने अपंग झालेल्यांना तो इतरांपेक्षा जास्त वाटत होता, असंही आढळलं नाही. सोसलं म्हणजे थोडक्यात सुख मानण्याची ताकद आपसूक येते, हे गृहीत धरून खोलीतून काही वगळू नये. "त्यांना सवय आहे" हे वाक्य कुठल्याही बैठकीत निघालं की आम्ही यादी पुन्हा वरून वाचतो.

व्यवहारात याचा अर्थ: सगळ्या सोयी एका दिवशी देऊ नयेत असा नाही (गळकं छप्पर कोणाच्या भावनांसाठी रखडवायचं नसतं), तर सोयीची किल्ली राहणाऱ्याच्या हातात असावी. उशाशी बटण, बसल्या जागी दोरी, सरकवता येणारी कॉट. कॉटचे पाय म्हणूनच जमिनीत पक्के केले नाहीत. आजींनी ती आत्तापर्यंत झडपेखालून कोपऱ्यात आणि परत झडपेखाली नेऊन झाली.

१८ जून. पाऊस

रात्रभर झड. छप्पर कोरडं, पण वाऱ्याच्या बाजूच्या आडव्या सांध्यात एका जागी ओलसर रेघ. कारण दोन पत्रे एकमेकांवर घट्ट बसले की मधल्या केसाएवढ्या फटीतून पाणी वर चढतं. सांध्यात सलग ब्यूटाइल पट्टी घालून स्क्रू पुन्हा आवळले. वरून सिलिकॉनची रेघ ओढली असती तर पाणी आतच कोंडलं असतं.

यानंतर एका स्वच्छ पहाटे पुन्हा थेंब, पाऊस नसताना. ही गळती नव्हे. मोकळ्या आभाळाखाली पत्रा हवेपेक्षा गार होतो आणि तिघांच्या श्वासातली वाफ त्याच्या पोटाला जमते. वरची झडप रात्री पूर्ण बंद केली होती. एका गाठीवर उघडी ठेवली, थेंब थांबले.

पत्र्यावरच्या पावसाचा आवाज फॉइलच्या पटाने जेमतेम कमी केला. पट हलका आहे आणि आवाज अडवायला वजन लागतं. कॉटच्या डोक्यावरच्या पत्र्याला आतून डांबरी फेल्टचे ३०० मिमीचे चौकोन चिकटवले. पत्र्याची थरथर मरते आणि टणत्काराचा धपधप होतो. तेवढ्यावर झोप लागते.

६ ऑगस्ट. देखभालीची यादी, दाराच्या आत चिकटवलेली

दर महिन्याला 'टी' बटण. पावसाआधी आणि पावसानंतर छपराचे स्क्रू डोळ्यांखालून घालणे. तडकलेलं रबर दिसलं की तो स्क्रू बदलणे, आवळणे नव्हे. पांढरा थर धुळीने काळवंडला की पाणी आणि मऊ झाडूने धुणे, मळकट छपराचा अर्धा गुण गेलेला असतो. बाहेरचा चर पानांनी तुंबला की खोलीच्या जमिनीला ओल धरायला आठवडा पुरतो, म्हणून तो पाऊस चालू असताना रोज पाहणे. गादी महिन्यातून एकदा उभी करून दोन्ही बाजूंनी वारा देणे.

झडपेची दोरी नायलॉनची, ६ मिमी, उन्हाने हळूहळू कमजोर होते. ३ मीटरचे दोन तुकडे गाठी मारून सामानाच्या फळीच्या डाव्या टोकाला ठेवले आहेत; गाठींमधलं अंतर १२० मिमी.